राज्याचें मूळ आणि कराचा हिशेब

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ शोधूं नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ऋषि व नदी यांपुरती ती योग्य असेल. पण राज्यसंस्थेलाहि तोच न्याय लावून तिच्या मुळाची चौकशी टाळावी, असें कोणी म्हणूं लागल्यास त्यास आमची साफ हरकत आहे. कारण राज्याचें मूळ कोणतें, या प्रश्नाचें जें उत्तर मनुष्य मनाशीं धरतो, त्यावरच राज्यकर्त्यांशीं तो कसा वागतो हें अवलंबून असतें. व्यापाऱ्यानें सरकारांत भरलेला एकच रुपया घ्या. राज्य ईश्वरानें निर्माण केलें असें मानणारा त्यास नैवेद्य समजतो. राज्य तलवारीनें मिळविलेलें आहे असें मानणारा त्यास खंडणी समजतो. आणि राज्य लोकांच्या संमतीनें झालें असें मानणारा त्यास कामाचा मोबदला समजतो. नैवेद्याची पावती कोणी मागत नाहीं, खंडणीची मागण्याची छाती होत नाहीं. मोबदल्याची मात्र पावतीहि मागतां येते, आणि काम झालें नसल्यास जाबहि विचारतां येतो. तेव्हां हा वाद केवळ पंडितांचा नसून पेढीवरील वहीशीं त्याचा निकट संबंध आहे. म्हणून या विषयावरील निरनिराळे पक्ष आज वाचकांपुढें मांडून त्यांची थोडी उलटतपासणी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ईश्वरी उत्पत्तीचा पक्ष घेऊं. राजा नसल्यामुळें जग भयानें सैरावैरा झालें असतां परमेश्वरानें इंद्र, वायु, यम, सूर्य आदि आठ देवतांचे अंश घेऊन राजा निर्माण केला, म्हणून राजा वयानें बालक असला तरी त्याचा अवमान करूं नये, असें मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत सांगितलें आहे. इंग्लंडांत हाच सूर पहिल्या जेम्स राजानें लाविला होता. आणि रॉबर्ट फिल्मर यानें तर आदिपुरुष आदाम याचें पितृत्व हेंच सर्व राजांच्या अधिकाराचें मूळ ठरविलें. फिल्मरचा ग्रंथ इ. स. १६८० मध्यें प्रसिद्ध झाला; पण त्यापूर्वीं एकतीस वर्षें, १६४९ च्या जानेवारींत, जेम्सचा पुत्र पहिला चार्लस यास त्याच्याच प्रजाजनांनीं न्यायासनापुढें उभें करून त्याचा शिरच्छेद केला होता. आपल्याकडील स्तुतिपाठकांसहि एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जो मनु राजाला देवांश म्हणतो, तोच त्याच अध्यायांत असें बजावतो कीं, मूढपणानें स्वतःच्या राष्ट्राला पिळणारा राजा बांधवांसह राज्यासहि मुकतो व प्राणासहि मुकतो. म्हणजे देवांशाची ही सनद बिनशर्त नव्हती. अटी गाळून तेवढें शीर्षक वाचून दाखविणें ही भाटांची युक्ति होय.

दुसरा पक्ष कराराचा. तो पाश्चात्त्यांकडून आपल्याकडे आला, अशी समजूत सुशिक्षितांत अजूनहि आढळते. ती निराधार आहे. शांतिपर्वांत भीष्मांनीं सांगितलेली कथा पाहा. मोठा मासा लहान माशास गिळतो त्याप्रमाणें लोक एकमेकांस गिळूं लागले, तेव्हां त्यांनीं आपसांत कांहीं नियम केले. परंतु ते टिकेनात, म्हणून ब्रह्मदेवाकडे जाऊन त्यांनीं राजा मागितला. ब्रह्मदेवानें मनूची योजना केली. पण मनु तयार होईना. राज्य चालविणें म्हणजे क्रूर कर्में करणें आलें, त्यांतून माणसें खोटें वागणारीं, अशी त्याची तक्रार. तेव्हां लोकांनीं त्यास पशु व सोनें यांचा पन्नासावा आणि धान्याचा दहावा भाग देऊं केला, शिवाय प्रजेच्या पुण्याचा चौथा हिस्साहि कबूल केला. मागणी, नकार, देकार आणि स्वीकार! करारास कायद्यानें जें जें लागतें तें बहुतेक या कथेंत आहे. बौद्धांच्या दीघनिकायांतील अग्गञ्ञ सुत्तांत तर देव मध्यें येतच नाहींत. शेतांच्या मर्यादा ठरल्या, चोरी सुरू झाली, तेव्हां लोकांनींच आपल्यांतील एक योग्य पुरुष निवडून त्यास भाताचा वांटा देऊं केला. महाजनांस संमत म्हणून त्याचें नांव महासंमत. आणि अनुशासनपर्वांत, रक्षण करीन असें वचन देऊन जो राजा तें करीत नाहीं, त्याला पिसाळलेल्या कुत्र्याप्रमाणें प्रजेनें एकवटून मारावें, येथपर्यंत मजल गेलेली आहे.

म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत हीच कथा मोठ्या चमत्कारिक ठिकाणीं येते. तीर्थें, सभा, जमाव अशा ठिकाणीं दोन गुप्त हेरांनीं मुद्दाम वाद घालावा, असें तेथें सांगितलें आहे. एकानें म्हणावें, हा राजा सर्वगुणसंपन्न म्हणतात, पण दंड व कर यांनीं लोकांस पिडणाऱ्याच्या अंगीं गुण कोणता दिसतो? मग दुसऱ्यानें त्यास खोडून काढावें. त्यानें सांगावें कीं, मात्स्यन्यायानें गांजलेल्या प्रजेनेंच मनूला राजा केलें व धान्याचा सहावा आणि मालाचा दहावा भाग त्याला नेमून दिला. त्या वेतनावर राजे प्रजेचा योगक्षेम चालवितात. शिवाय राजा हा इंद्र व यम यांच्या ठिकाणीं असल्यामुळें त्याच्या अवमानास दैवी दंडहि होतो. करार व ईश्वर हे दोन्ही पक्ष एका दमांत, आणि तेहि पगारी हेराच्या तोंडून! राज्याच्या उत्पत्तीची कथा ऐकतांना ती कोण सांगतो व कोणाचें तोंड बंद करण्याकरितां सांगतो, हें आधीं पाहावें, असा धडा यांतून घ्यावयाचा.

युरोपांत हाच करार तिघांनीं तीन तऱ्हांनीं वाचला. यादवी युद्धानें पोळलेल्या हॉब्जनें १६५१ सालीं असें प्रतिपादिलें कीं, जिवाच्या भीतीनें लोकांनीं आपले हक्क सार्वभौम सत्तेच्या हवालीं केले. आतां ते परत मागण्याची सोय नाहीं. लॉकनें १६८९ सालीं म्हटलें कीं, दिले ते मोजके अधिकार, आणि तेहि ठेव म्हणून. विश्वासघात झाल्यास ठेव परत घेतां येते. रूसोनें १७६२ सालीं सांगितलें कीं, करार राजाशीं नव्हेच, तो लोकांचा परस्परांशीं. राज्यकर्ता केवळ नोकर. एका दस्तऐवजाचे तीन अर्थ निघाले म्हणजे कोणताहि वकील मूळ कागद पाहावयास मागेल. आणि येथेंच या पक्षाचें दुखणें आहे. मूळ कागद नाहींच! गरीब मनुष्य देश सोडून जात नाहीं म्हणून राज्यास त्याची संमति आहे असें मानणें, हें झोंपेंत जहाजावर चढविलेला मनुष्य समुद्रांत उडी टाकीत नाहीं म्हणून कप्तानाच्या हुकमतीस त्याची संमति मानण्यासारखें आहे, असा टोला डेव्हिड ह्यूम यानें १७४८ सालींच दिला होता. खरोखर सह्या झालेला कागद पाहूं गेल्यास १६२० सालीं मेफ्लॉवर जहाजावर ४१ पुरुषांनीं केलेला करारनामा दाखवितां येतो. पण त्यांतहि सही करणारे आपणांस इंग्लंडच्या राजाचे एकनिष्ठ प्रजाजन म्हणवितात. म्हणजे राज्यांतून राज्य निघालें, अराजकांतून नव्हे.

तिसरा पक्ष बळाचा. ‘बळी तो कान पिळी’ एवढ्यांत तो सांगतां येतो. जर्मन समाजशास्त्रज्ञ ओपनहायमर यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं तो शास्त्रशुद्ध रीतीनें मांडला. लुटारू टोळी प्रथम शेतकऱ्यास मारून जाते. पुढें मेलेला शेतकरी पीक देत नाहीं हें तिच्या ध्यानांत येतें. मग त्याला जिवंत ठेवून ती दरसाल वांटा घेते आणि दुसऱ्या लुटारूंपासून त्याचें रक्षणहि करते. यास चौथाईचें उदाहरण चांगलें लागू पडतें. तें स्वकीयांचें म्हणून झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. परमुलखांतून चौथ वसूल होई ती तलवारीच्या धाकानें. पण १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ यांनीं दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, आणि चौथाईच्या बदल्यांत पातशाहीच्या चाकरीस १५,००० स्वार ठेवण्याचें शाहूमहाराजांनीं पत्करलें. धाकाचा हक्क झाला, आणि हक्काबरोबर कर्तव्यहि आलें. ईस्ट इंडिया कंपनीनें मात्र हक्क घेतला व कर्तव्य टाळलें. १७६४ सालीं बक्सारची लढाई जिंकल्यावर १७६५ च्या ऑगस्टांत तिनें शहा आलम बादशहाकडून वर्षास २६ लक्ष रुपये देण्याच्या बोलीवर बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी लिहून घेतली. कागदावर करार, कागदाखालीं तोफ! १७७० च्या दुष्काळांत बंगालची रयत लक्षावधींनीं मेली, तरी कंपनीचा वसूल चालूच होता. आणि कांहीं वर्षांतच वॉरन हेस्टिंग्ज यानें बादशहाचे २६ लक्षहि बंद केले. परंतु बळच पुरेसें असतें तर सनदेची गरज कोणास पडती? किल्ले, फौज व मुलूख हातीं असतांहि शिवछत्रपतींनीं १६७४ च्या जूनमध्यें रायगडावर राज्याभिषेक करून घेतला. बळानें मुलूख मिळतो, मान्यता मिळत नाहीं, हें त्यांतील मर्म.

अलीकडे ग्रंथांऐवजीं जमीन खणून पुरावा गोळा करणाऱ्यांनीं या वादांत नवे साक्षीदार आणले आहेत. मोठमोठे कालवे बांधावयाचे म्हणून एकसूत्री राज्य निर्माण झालें, असें विटफोगेल यानें १९५७ सालीं प्रतिपादिलें. पण इराकांतील प्राचीन वसाहती पाहून रॉबर्ट अ‍ॅडम्स यानें दाखविलें कीं, तेथें मोठे कालवे राज्यानंतरचे आहेत. कार्नेरो यानें १९७० सालीं पेरूच्या किनाऱ्यावरील खोऱ्यांचा दाखला दिला. तेथें एका बाजूस समुद्र, दुसरीकडे डोंगर, मध्यें वाळवंट. हरलेल्यास पळावयास वाटच नाहीं, म्हणून तो जेत्याचा अंकित झाला. उलट ॲमेझॉनच्या रानांत हरलेली टोळी दूर निघून जाई, म्हणून तेथें तशीं राज्यें झालीं नाहींत. मायशार, मोआव व पास्कली या तिघां अर्थशास्त्रज्ञांनीं २०२२ सालीं असा सिद्धांत मांडला कीं, नुसत्या सुपीकतेनें राज्य उभें राहत नाहीं. कंद जमिनींत ठेवतां येतो व काढल्यावर लवकर नासतो; धान्य मात्र ठराविक हंगामांत कापावें लागतें, कोठारांत साठवावें लागतें, आणि म्हणून कर घेणाऱ्यास तें दिसतें, मोजतां येतें व नेतां येतें. दक्षिण इराकांतील उरुक येथें सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींच्या ज्या लेखांकित विटा सांपडल्या, त्यांपैकीं बहुतेकांवर स्तोत्रें नाहींत, राजस्तुति नाहीं. धान्य, गुरें व मजुरांचा शिधा यांचा जमाखर्च आहे. आपल्या सिंधुसंस्कृतींत हडप्पापासून लोथलपर्यंत वजनें एका मापाचीं सांपडतात, पण निर्विवाद राजवाडा सांपडत नाहीं व लिपि अद्याप वाचलेली नाहीं. म्हणजे राज्याकडे जाणाऱ्या वाटा एक नव्हेत, अनेक दिसतात. मात्र त्यांतील बहुतेक वाटांवर कोठार, मापें व जमाखर्च हीं भेटतातच.

तर मग निवाडा काय? आमच्या मतें, या चौकशीनें सर्वांत मोठा लाभ होतो तो हा कीं, केवळ उत्पत्तीच्या जोरावर कोणत्याहि राज्यास प्रजेवर हक्क सांगतां येत नाहीं. अज्ञानाची मिळकत सांभाळणारा पालक कोर्टापुढें आला म्हणजे त्याच्या नेमणुकीचा इतिहास सांगून त्याची सुटका होत नाहीं. घेतलें किती, खर्चिलें किती व कोणाकरितां, हें त्यास दाखवावें लागतें. राज्यकर्त्यासहि हाच कायदा. करार इतिहासांत घडला नसेल; पण न्यायाची कसोटी म्हणून तो खोटा ठरत नाहीं. जो कर घेतो त्यानें रक्षण केलेंच पाहिजे, या एका मुद्द्यावर भीष्म, मनु, कौटिल्य व लॉक यांचें एकमत आहे.

आपली राज्यघटनाहि या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं लोकांच्या नांवानें ती स्वीकृत झाली, आणि २६ जानेवारी १९५० पासून पूर्णपणें अमलांत आली. पण ती करणारी सभा प्रौढ मतदानानें निवडलेली नव्हती. प्रांतिक विधिमंडळांनीं १९४६ सालीं तिचे सभासद निवडले होते, आणि त्या विधिमंडळांचे मतदार मालमत्ता, शिक्षण इत्यादि अटींनीं मर्यादित होते. म्हणून घटना कमी योग्यतेची ठरते काय? मुळींच नाहीं. १९५१-५२ च्या निवडणुकीपासून प्रत्येक मतदान हें त्या करारावरील नवी सही आहे. याच घटनेच्या २६५ व्या कलमानें कायद्याच्या आधारावांचून कोणताहि कर बसवितां किंवा वसूल करतां येत नाहीं. तिनेंच नेमलेल्या महालेखापालाचे अहवाल संसदेपुढें व राज्यांच्या विधिमंडळांपुढें ठेवावे लागतात. आणि २००५ च्या माहितीच्या अधिकारानें कोणाहि नागरिकास सरकारी कागद मागतां येतो.

हीं साधनें हातीं असतां तीं वापरणारे किती? १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर सुरू झाल्यावर लहानसहान व्यापारीहि सरकारचा पैसान्‌पैसा जमा करून त्याचें विवरणपत्र मुदतींत भरतो. चुकल्यास दंड सोसतो. पण आपल्या नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचलेला व्यापारी विरळा! स्वतःच्या वहींतील दोन रुपयांची तफावत शोधण्यास रात्र जागविणारा मनुष्य गांवाच्या रस्त्याचा खर्च विचारावयास अर्धा तास देत नाहीं, हें आम्हांस अत्यंत शोचनीय वाटतें. कुंपण शेत खाऊं लागलें अशी ओरड करण्याचा अधिकार, कुंपणावर नजर ठेवणाऱ्यासच शोभतो. राज्य देवानें केलें, तलवारीनें केलें कीं धान्याच्या कोठारानें केलें, याचा वाद विद्वानांनीं खुशाल चालू ठेवावा. वाचकांनीं मात्र भरलेल्या कराची पावती जपून ठेवावी, आणि ती हातीं धरून हिशेब मागावा.