नाव नसलेली गांधीलमाशी

गांधीलमाशी म्हटले की आपल्याला तिची नांगी आठवते. उर्दूत आपण जिला ‘भिड’ म्हणतो तीच ही. छपराच्या कोपऱ्यात पोळे करणारी आणि छेडली तर अंगावर धावून येणारी. परंतु तिच्या गोतावळ्यात अशा हजारो जाती आहेत की ज्या आपल्या डोळ्यांसमोरून जातात आणि तरी दिसत नाहीत. कारण त्यांची लांबी जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते. त्या पोळे करीत नाहीत आणि माणसाच्या वाटेलाही जात नाहीत.

लिंबाच्या झाडावर किंवा कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या तुम्ही पाहिल्या असतील. अळीचा कोष होतो आणि कोषातून फुलपाखरू बाहेर येते. कधी कधी मात्र फुलपाखरू येतच नाही. कोष तपकिरी पडतो, त्याला टाचणीने टोचल्यासारखे भोक दिसते आणि त्यातून चिमुकल्या माश्या एकामागून एक बाहेर पडतात. मादी माशीने कोष ताजा असतानाच त्यात अंडी घातलेली असतात. अंड्यांतून निघालेली पिल्ले कोष आतून खाऊन मोठी होतात. ऊ किंवा गोचीड ज्याच्या अंगावर जगते त्याला सहसा मारीत नाही. ही माशी मात्र आपल्या यजमानाचा जीव घेते. यजमान हा शब्द येथे थोडा विचित्र वाटेल, पण विज्ञानाने तोच स्वीकारला आहे.

यजमान जर पिकावरची कीड असेल, तर ही माशी शेतकऱ्याची मैत्रीण ठरते. पण कोणती माशी कोणत्या किडीवर जगते, हे आधी ठाऊक हवे. त्यासाठी माशीचे नाव बरोबर हवे. नावात थोडी चूक झाली तर असे काय बिघडते? याचे उत्तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील संत्र्या-लिंबांच्या बागांनी दिले आहे.

एकोणिसाव्या शतकात त्या बागांत लाल खवले कीड शिरली. ही कीड एका जागी चिकटून रस शोषते आणि अंगावर खवल्यासारखे कवच धरते. तिचा शत्रू शोधण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी माणसे चीनपर्यंत गेली. तेथे त्यांना या किडीवर जगणाऱ्या पिवळ्या, बारीक माश्या दिसल्या. तशीच पिवळी माशी कॅलिफोर्नियात आधीच होती. दोन्ही एकच, असे समजून चीनमधल्या माश्या आणण्याची गरज कोणाला वाटली नाही. प्रत्यक्षात त्या वेगळ्या जातीच्या होत्या. ही चूक लक्षात येऊन चीनमधली माशी बागांत सोडली जाईपर्यंत १९४० नंतरची वर्षे उजाडली. एवढा काळ कीड मजेत राहिली.

चीनमधल्या माशीने समुद्रकाठी चांगले काम केले, पण आतल्या भागातील कडक हवा तिला मानवली नाही. मग १९५६-५७ मध्ये भारत आणि पाकिस्तानातून याच कुळातली आणखी एक माशी नेण्यात आली. ती तेथे टिकली आणि पसरली. आजही कॅलिफोर्नियातील बागाइतदार ती विकत घेऊन बागेत सोडतात. पॉल डिबाक या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये तिला ‘अफायटिस मेलिनस’ असे नाव दिले. म्हणजे आपल्याकडच्या झाडांवर ती कोण जाणे किती काळ होती. नाव मात्र तिला सातासमुद्रापलीकडे मिळाले.

अशा माश्या ओळखणे कठीण का? रंग आणि आकार दोन्ही फसवतात. शास्त्रज्ञ त्यांना काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शृंगिकेला किती पेरे आहेत, पंखावरील शीर कोठे थांबते, केस किती व कसे आहेत, हे मोजतात. अफायटिसच्या काही जाती तर मेलेल्या माशीपेक्षा जिवंत कोषाच्या रंगावरून अधिक चांगल्या ओळखू येतात. म्हणून माशी कशातून निघाली, हे पाहणारा डोळाही तितकाच महत्त्वाचा.

आपल्या देशात हे काम करणाऱ्यांत अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील प्राध्यापक मोहम्मद हयात यांचे नाव फार मोठे आहे. अफायटिस ज्या कुळातली, त्या कुळातील भारतीय माश्यांवर त्यांचा ग्रंथ १९९८ मध्ये निघाला. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांवर जगणाऱ्या दुसऱ्या एका कुळावर त्यांनी २००६ मध्ये ग्रंथ लिहिला. हे वर्णनांचे आणि आकृत्यांचे ग्रंथ आहेत. गोष्टीसारखे वाचता येत नाहीत. पण नव्या अभ्यासकाला आपल्या हातातली माशी पडताळायची असेल, तर असेच ग्रंथ उघडावे लागतात.

माश्या पकडण्याच्या रीती साध्या आहेत. पिवळ्या ताटलीत पाणी आणि साबणाचे दोन थेंब टाकून ती शेतात ठेवतात. पिवळ्या रंगाकडे माश्या ओढल्या जातात. दुसरी रीत स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ रेने मलेझ यांची. अडथळा आला की कीटक वर चढतात, हे हेरून त्यांनी जाळीचा तंबू केला आणि त्याच्या टोकाला बाटली लावली. याची माहिती त्यांनी १९३७ मध्ये छापली. मला मात्र तिसरी रीत सर्वांत चांगली वाटते: कीड लागलेले पान किंवा कोष घरी आणून वाट पाहणे. यात माशीबरोबर तिचा यजमानही कळतो. ताटलीत पडलेली माशी ते सांगू शकत नाही.

नमुन्यासोबत एक चिठ्ठी असते. तिच्यावर गाव, जिल्हा, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव, झाड आणि यजमान कीटक एवढे लिहितात. नव्या जातीचे नाव ज्या नमुन्यावरून ठेवतात, तो नमुना संग्रहालयात कायम जपतात. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे असे संग्रह आहेत. तिचे एक केंद्र पुण्यातही आहे.

लिंबावरचा कोष तुम्हीही बाटलीत ठेवून पाहू शकता. कोष डहाळीसकट आणा आणि त्याच दिवशी चिठ्ठी लिहा. बाहेर काय आले आणि किती आले, ते तारखेसह नोंदवा. बाटलीच्या तोंडाला जाळी नको, घट्ट विणीचे सुती कापड बांधा. जाळीतून या माश्या सहज निसटतात.