तळ्यातील फॉस्फेट : उगमाशीच आवर हवा

मुदखेड तालुका केळी व फुलांच्या बागायतीसाठी ओळखला जातो. बागेला दिलेले खत पावसाने तळ्यात उतरले, तर काय होते? डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात निव्वळ फॉस्फरस सुमारे १० किलो असतो. तो १ लाख घनमीटर पाण्यात मिसळल्यास लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम प्रमाण होते. शेवाळ माजण्यास याच्या निम्मेही पुरते. शेवाळ कुजताना प्राणवायू खर्ची पडतो व मासे गुदमरतात.

नत्राप्रमाणे फॉस्फरस हवेत निघून जात नाही. तो मातीच्या कणांना चिकटून तळाशी साठतो आणि तळाचा प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात येतो. म्हणून वरचे शेवाळ काढून भागत नाही. खत माती परीक्षणानुसार द्यावे व मातीआड करावे, बांधावर गवत राखावे, सांडपाणी तळ्याबाहेर वळवावे. उन्हाळ्यात गाळ उपसून शेतात पसरावा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची २०१७ ची योजना याच कामाची आहे. तळ्याला जाचणारे हे द्रव्य शिवारात पिकाचे अन्न ठरते. ग्रामपंचायतींनी हे काम पावसाळ्यापूर्वीच हाती घेणे हिताचे आहे.