विमानांतील एक पलंग

विमानाच्या पहिल्या वर्गाविषयीं लिहिण्याचा आपला अधिकार किती, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. त्या वर्गांतून प्रवास केला तो आमच्या कुटुंबानें; मी त्याच विमानांत सदतिसाव्या रांगेंत होतों. तेव्हां पुढील हकीगतींत जें पलंगासंबंधीं आहे तें तिनें सांगितलेलें आहे, आणि जें गुडघ्यांसंबंधीं आहे तें माझें स्वतःचें.

प्रसंग असा. गेल्या वर्षीं जानेवारींत आमची धाकटी कन्या लंडन येथें बाळंत झाली. ठरल्या दिवसाच्या तीन आठवडे आधीं, आणि तीहि शस्त्रक्रिया होऊन. आम्हां उभयतांस तांतडीनें निघणें प्राप्त झालें. थोरल्या चिरंजीवांच्या बँकेच्या कार्डावर कित्येक वर्षांचे गुण सांठले होते, त्यांत पहिल्या वर्गाचें एक तिकीट बसत होतें. दुसरें तिकीट रोख पैसे मोजून मागच्या वर्गाचें काढावयाचें. पलंग एक आणि माणसें दोन, असा पेंच पडला.

आमच्या वाड्याला हा पेंच नवा नाहीं. माझ्या लहानपणीं माजघरांत अकरा अंथरुणें ओळीनें पडत आणि साऱ्या घरांत पलंग एकच होता. त्यावर कोणीं निजावयाचें याचा नियम कोठें लिहिलेला नव्हता, परंतु लहानथोरांना ठाऊक होता : दुखणाईत माणूस, तें नसेल तर बाळंतीण, तीहि नसेल तर आजोबा. वाडा आजोबांच्या मालकीचा होता, तरी पलंगावर त्यांचा क्रम तिसरा.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर बैठक बसली. पुतण्याचें म्हणणें, काकांच्या कंबरेची शस्त्रक्रिया झालेली आहे, तेव्हां पुढें काकांनींच बसावें. मला तें पटूं लागलें होतें, हें कबूल करतों. इतक्यांत वहिनी बोलल्या. त्यांचें वय अठ्ठ्याहत्तर; विमानांत त्यांनीं अद्याप पाऊल ठेवलेलें नाहीं. "भावोजी, तेथें उतरल्यावर तुम्हांला करावयाचें काय आहे?" मला उत्तर सुचेना. "हिला उतरल्या पावलीं बाळंतिणीजवळ उभें राहावयाचें आहे. जिला दुसऱ्या दिवशीं राबावयाचें, तिनें आडवें होऊन जावें." बैठक संपली.

प्रवाशाला निजवावें कसें, ही विवंचना विमानांच्या धंद्यासहि जुनीच. अमेरिकेंत डग्लस कंपनीनें १९३५ सालीं जें विमान प्रथम उडविलें, तें रात्रीं १४ जणांना निजवून नेण्यासाठींच बांधलेलें होतें. पुढें डीसी-३ या नांवानें जगभर गाजलें तें त्याचेंच बसावयाचें रूप. आपल्याकडील आरंभ ८ जून १९४८ चा. त्या दिवशीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान जे. आर. डी. टाटा यांच्यासह ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून लंडनला निघालें आणि कैरो व जिनीव्हा येथें थांबून १० तारखेस पोंचलें. भाडें १७२० रुपये होतें. पुढें १९५२ सालीं अटलांटिकवरील विमानांत स्वस्त भाड्याचा 'टूरिस्ट' वर्ग निघाला, १९५८ सालीं 'इकॉनॉमी' आला, आणि तेव्हांपासून पुढें बसणारांच्या 'पहिल्या वर्गा'ला खरा अर्थ आला. दुसरा असल्याखेरीज पहिला कोठून असणार?

त्यानंतर कित्येक वर्षें पहिला वर्ग म्हणजे रुंद खुर्ची आणि उत्तम जेवण, एवढेंच होतें. १९७१ सालीं आपल्याकडे 'एम्परर अशोक' हें जंबो विमान आलें, त्यांत वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठीं दिवाणखाना होता. परंतु दिवाणखान्यांत गप्पा होतात, झोप होत नाहीं. पूर्ण सपाट होणारें आसन आलें तें विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. आणि २००० सालापासून तें पहिल्या वर्गामागच्या बिझिनेस वर्गांतहि शिरूं लागलें. मग पहिल्या वर्गाचें वैशिष्ट्य तें काय उरलें? कित्येक कंपन्यांनीं तो वर्गच काढून टाकला. कांहींनीं उलट वाट धरली. २००७ सालीं सिंगापूर एअरलाइन्सनें ए-३८० या दुमजली विमानांत दारें असलेल्या खोल्या केल्या, आणि जवळच्या दोन खोल्यांतील पलंग जोडण्याची सोय ठेवली. पुढल्याच वर्षीं एमिरेट्सनें त्याच जातीच्या विमानांत स्नानगृह बसविलें. पाणी मिळतें पांच मिनिटें. हें ऐकून वहिनी म्हणाल्या, "पांच मिनिटें पुष्कळ झालीं." एका न्हाणीघरावर ज्यांनीं अठरा माणसांचा संसार केला, त्यांचें हें मत आहे.

विमान रात्रीं अडीचच्या सुमारास निघालें. दारांतच आमचे मार्ग फुटले. ती डावीकडे वळली, मी उजवीकडे. बाळंतशेपा आणि अळीव यांची पिशवी तिनें छातीशीं धरली होती. पुढें आसनें अवघीं आठ. मागें आम्ही दोनशेंच्या वर. माझ्या आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचें अंतर सुमारें ३१ इंच. तिचा पलंग साडेसहा फूट लांब. आकाशांत विकली जाते ती जागा; चिनीमातीच्या बशा आणि रेशमी उशा हा तिचा केवळ शृंगार होय.

हवेंत मात्र भेद नाहीं. विमान ३५ ते ४० हजार फुटांवरून जातें, परंतु आंतला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्याएवढा राखतात. म्हणजे सर्व प्रवासी, भाडें कांहींहि भरलेलें असो, जवळजवळ सिमल्याच्या उंचीवर बसलेले असतात. ही हवा विलक्षण कोरडी असते. नाक सुकतें, यंत्रांची घरघर कानांत भरते, आणि जिभेला मीठ व साखर दोन्ही कमी लागतात. आंबट व तिखट त्या मानानें टिकून राहतात. आमच्या कुटुंबाला पुढें वाढलेलें वरण अळणी लागलें, पण टोमॅटोचें सार तिनें दोनदां मागून घेतलें. आचाऱ्याचा त्यांत कांहीं दोष नव्हता.

जेवणानंतर सेविकेनें बटण दाबून आसन सपाट केलें, वर गादी घातली, रजई पसरली आणि रात्रीं घालावयास सदरा-पायजमा दिला. हिनें तो घडी न मोडतां पिशवींत ठेवला. आपलें अंथरूण दुसरी बाई घालीत आहे आणि आपण उभ्या राहून पाहत आहों, हा प्रसंग लग्न झाल्यापासून प्रथमच आला, असें ती सांगते. निजली खरी, पण तासभर डोळ्याला डोळा लागेना. मुलगी दिसे, आणि मुलगी दिसेनाशी झाली कीं माझी कंबर आठवे.

सदतिसाव्या रांगेंतहि झोप नव्हती. वैद्यकशास्त्र सांगतें कीं चार तासांहून अधिक वेळ एका जागीं बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका सुमारें दुपटीनें वाढतो. म्हणून मी मधून मधून उठून फेऱ्या घालीत होतों. बाहेर अंधार सरत नव्हता. विमान पश्चिमेकडे जात असल्यामुळें सूर्य मागून येत होता, पण त्याला आम्हांस गांठतां येत नव्हतें, आणि हिंवाळ्याची ती रात्र आणखी पांच साडेपांच तासांनीं लांबली.

पहांटे पडदा हलला. अंधुक उजेडांत मीं ती चाल ओळखली आणि चटकन् डोळे मिटून घेतले. मी जागा आहें असें कळलें असतें, तर "उठा, पुढें जाऊन पडा" म्हणून तिनें हट्ट धरला असता, आणि कंबरेची कळ इतकी होती कीं मी गेलोंहि असतों. ती जवळ येऊन उभी राहिली. माझ्या गुडघ्यांवरचें पांघरूण तिनें सारखें केलें. बराच वेळ हालली नाहीं. मग आली तशी गेली, आणि विमान उतरूं लागेपर्यंत गाढ झोपली.

उतरतांना माझे पाय असे सुजले होते कीं बूट चढेनात. कन्येच्या घरीं पोंचल्यावर मी कोंचावर कलंडलों तो दुसऱ्या दिवशींच उठलों. हिनें स्नान केलें, पदर खोंचला आणि नातीला मांडीवर घेतलें. पुढल्या दोन रात्री ती बाळंतिणीच्या उशाशीं बसून होती. जांवईबापूंना प्रथमच सलग झोप मिळाली.

परत आल्यावर मीं ही हकीगत घरांत सर्वांसमक्ष सांगितली. डोळे मिटून घेतल्याचा भाग जरा रंगवूनच सांगितला.

"मला ठाऊक होतें," कुटुंब म्हणालें. "तुम्ही खरे झोपलेले असलां, कीं तुमचें तोंड कधीं मिटलेलें असतें का?"

"मग परत जाऊन निजलीस कशी?"

"जाऊबाईंनीं सांगितलें होतें ना," ती म्हणाली, आणि पानें घ्यावयास उठली.