पाडव्याचा कडुलिंब : किती खावा, कोणी जपावे?

चैत्र शुद्ध प्रतिपदा जवळ आली की आपल्या मुळशीच्या गावागावांत वेळूच्या काठ्या धुऊन ठेवल्या जातात, बाजारात साखरेच्या गाठी दिसू लागतात आणि मुलांना कडुलिंबाच्या डहाळ्या आणायला पिटाळले जाते. याच सुमारास माझ्या पौडच्या दवाखान्यात दर वर्षी एक प्रश्न हमखास येतो, ‘‘डॉक्टर, पाडव्याला कडुलिंब खाल्ला की वर्षभर आजार होत नाही म्हणतात, ते खरे का?’’

पाडव्याला कडुलिंब जरूर खावा, असेच मी सांगतो. परंतु त्या एका घासावर वर्षभराचे आरोग्य सोपवू नये. असे का, ते आज पाहू.

वसंतातला आहार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहाव्या अध्यायात आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील तिसऱ्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. थंडीत शरीरात साठलेला कफ वसंतातील उन्हाने पातळ होतो आणि भूक मंदावते, असे आयुर्वेद मानतो. म्हणून या दिवसांत जड, गोड, आंबट व तेलकट पदार्थ कमी करावेत, कडू, तिखट व तुरट पदार्थ घ्यावेत, व्यायाम करावा आणि दुपारी झोपू नये, असा सल्ला दिलेला आहे.

पाडव्याची चटणी याच विचाराला धरून आहे. कडुलिंबाचा कोवळा पाला व फुले, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, ओवा, जिरे, हिंग, मिरे आणि मीठ. कडू चवीने तोंडाला पाणी सुटते, तर ओवा व हिंग पोटातील वात सरायला मदत करतात. चमचाभर चटणी पुरेशी आहे.

गंमत अशी, की त्याच दिवशी दुपारी आपल्या ताटात श्रीखंड असते आणि वाग्भटाने वसंतात दही खाऊ नये असे सांगितले आहे! सण मोडावा असे मी म्हणणार नाही. पण छोट्या वाटीवर थांबावे, रात्री पुन्हा श्रीखंड घेऊ नये आणि जेवणावर तासभर झोप काढण्याऐवजी शतपावली करावी. साखरेच्या गाठी म्हणजे निव्वळ साखर, हे मधुमेहाच्या रुग्णांनी लक्षात ठेवावे.

डहाळी ओळखून घ्या

कडुलिंबाला कोरडी हवा मानवते. आपल्याकडे ताम्हिणीच्या बाजूला पाऊस फार, त्यामुळे तिकडे हे झाड कमी आढळते आणि डहाळ्या बाहेरून आणाव्या लागतात. त्यात कधी कधी बकाण निंबाची डहाळी येते. बकाणाचे पान दोन-तीनदा विभागलेले असते व फुले जांभळट असतात. याची फळे विषारी असतात. कडुलिंबाचे पान एकदाच विभागलेले असून त्याची पाने कोयत्यासारखी किंचित वाकडी, करवतीच्या कडेची असतात. फुले पांढरी व सुवासिक असतात. शंका असेल तर ती डहाळी गुढीलाही नको आणि चटणीलाही नको. रस्त्याकडेच्या झाडावर गाड्यांची धूळ बसते, तेव्हा पाला दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावा.

कडुलिंबाची मर्यादा

कडुलिंबात गुण आहेत, यात शंका नाही. सलीमुझ्झमान सिद्दिकी या शास्त्रज्ञांनी १९४२ साली निंबोळीच्या तेलातून निंबिन व इतर कडू द्रव्ये वेगळी काढली. त्यानंतर या झाडावर पुष्कळ संशोधन झाले. त्याचा पाला काही जंतू व बुरशी यांची वाढ रोखतो, रक्तातील साखरही काही प्रमाणात उतरवतो, असे दिसून आले आहे. मात्र प्रत्येक झाडाच्या पाल्यात ही द्रव्ये सारखी नसतात. गोळीत औषधाचे प्रमाण ठरलेले असते, तसे पेलाभर रसात ठरलेले नसते.

देवीच्या रोगाचे उदाहरण घ्या. त्या काळी रोग्याच्या दारावर आणि अंथरुणाजवळ कडुलिंबाच्या डहाळ्या ठेवीत. पाल्याच्या वाऱ्याने रोग्याला बरे वाटतही असेल. पण देवी गेल्या त्या लसीमुळे. मुंबईत १८०२ साली तीन वर्षांच्या एका मुलीला देशातील पहिली लस टोचली गेली. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जगातून हा रोग गेल्याचे जाहीर झाले. आजही गोवर-कांजिण्यांत पाल्याच्या कोमट पाण्याने अंग पुसायला हरकत नाही. पण मुलाला धाप लागली, सुस्ती आली किंवा ताप उतरेना, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

गोळी सोडू नका

हा लेख लिहिण्याचे खरे कारण आता सांगतो. काही वर्षांपूर्वी साठीच्या घरातील एका शेतकऱ्याने पाडव्यापासून रोज पेलाभर कडुलिंबाचा रस सुरू केला आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. ‘‘नव्या वर्षात गोळी नको’’ असे त्याने मनाशी ठरवले होते. पुढे भातासाठी राब भाजताना तळपायाला निखारा लागला. मधुमेहाने पाय बधिर झालेले, त्यामुळे चटका जाणवलाच नाही. तो माझ्याकडे आला तेव्हा रक्तातील साखर चारशेच्या घरात होती आणि जखम सडू लागली होती. त्याला तातडीने पुण्याला पाठवले. पाय वाचला, पण दोन बोटे काढावी लागली.

तेव्हा पुढील गोष्टी घरात सर्वांना सांगून ठेवाव्यात :

१. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नये. गोळीबरोबर रोज रस घेणेही धोक्याचे, कारण साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, घेरी अशी लक्षणे दिसताच साखर किंवा गूळ खावा व डॉक्टरांकडे जावे.

२. तान्ह्या बाळाला निंबोळीचे तेल कधीही पाजू नये. त्याने उलट्या, गुंगी व झटके येऊन बाळ दगावू शकते.

३. गरोदर स्त्रियांनी कडुलिंबाचा रस वा काढा घेऊ नये. प्रसादाचे बोटभर चाटण पुरे.

४. पायाची बधिरता असलेल्यांनी राब भाजायला अनवाणी जाऊ नये आणि रोज रात्री तळपाय पाहावेत.

पाडव्यानंतरचा उन्हाळा

पाडव्याला लावलेली चांगली सवय पुढे उन्हाळाभर उपयोगी पडते. कैरी उकडून, गूळ, वेलदोडा व चिमूटभर मीठ घातलेले पन्हे उन्हातून आलेल्याला द्यावे. मधुमेहींनी गूळ टाळून मीठ-जिऱ्याचे ताक दुपारी घ्यावे. चैत्रात विहिरी तळाला जातात, म्हणून पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. जत्रेतील बर्फ घातलेला उसाचा रस टाळावा. जुलाब झालेच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजत राहावे. शेतातील कष्टाची कामे सकाळी दहाच्या आत उरकावीत.

या पाडव्याला गुढी उभारा, चमचाभर कडुलिंब खा आणि घरातील वडीलधाऱ्यांनी रोजची गोळी घेतली की नाही, हेही आठवणीने विचारा. सर्व वाचकांना नववर्ष आरोग्याचे जावो.