घोडा घेण्यापूर्वी पशुवैद्यकीय तपासणी

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेडा येथे भरणारा घोडेबाजार आणि मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत होणारा जनावरांचा बाजार येथून शेजारच्या राज्यांतही घोडे जातात. खरेदीदार रंग पाहतो, चाल पाहतो, कंठावर देवमण आहे का हे बोटाने चाचपून पाहतो. सौदा जुळतो, विसार हातावर पडतो आणि घोडा लंगडतो किंवा धापा टाकतो हे घरी आणल्यानंतर ध्यानात येते. वरातीच्या घोड्यावर किंवा टांग्यावर ज्याचे पोट आहे, त्याचे भांडवल अशा एका सौद्यात बुडते.

कायदाही येथे खरेदीदाराच्या फारसा उपयोगी पडत नाही. माल विक्री अधिनियम, १९३० मधील कलम १६ चा सर्वसाधारण नियम असा की, मालाच्या गुणवत्तेची हमी आपोआप गृहीत धरली जात नाही. अपवाद आहेत, परंतु बाजारात तोंडी दिलेले ‘खोड नाही’ हे आश्वासन पुढे सिद्ध करणे अवघड असते. म्हणून दोन गोष्टी विसार देण्यापूर्वीच ठरवाव्यात: तपासणीत दोष निघाल्यास विसार परत मिळेल असे साक्षीदारांसमक्ष लिहून घ्यावे आणि पशुवैद्य खरेदीदाराने स्वतः आणावा. विक्रेत्याच्या नेहमीच्या पशुवैद्याचा दाखला खोटाच असतो असे नाही. परंतु ज्याच्या वतीने तपासणी होते त्याच्याशीच पशुवैद्य बांधील असतो. तालुक्याच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात आगाऊ चौकशी केल्यास दिवस व वेळ ठरविता येते. घोडा कोणत्या कामासाठी हवा हे त्यांना आधी सांगावे. वरातीच्या घोड्यास गर्दी व वाद्ये सोसली पाहिजेत, तर गाडीच्या घोड्याचे पाय व दम भक्कम हवेत.

तपासणी शक्यतो पहाटे, घोडा तबेल्यातून बाहेर काढण्यापूर्वी सुरू व्हावी. फिरवून गरम केलेल्या घोड्याचा आखडलेपणा झाकला जातो, आणि विक्रेते हे चांगले जाणतात. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ घोड्याची नाडी मिनिटास सुमारे २८ ते ४४, श्वास ८ ते १६ व तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. त्यानंतर हृदय, फुप्फुसे, डोळे व खूर पाहिले जातात. गव्हाणीची कड दातांत धरून वारा ओढण्याची खोड असल्यास पुढच्या दातांच्या कडा झिजलेल्या दिसतात. गळ्याभोवती पट्ट्याचा वण असेल तर तो कशामुळे पडला हेही विचारावे.

लंगडणे ओळखण्यासाठी घोडा कठीण, सपाट जमिनीवर सैल दोरीने सरळ दुडक्या चालीने पळवितात. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोके वर उचलले जाते व चांगला पाय टेकताना खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा अधिक वरखाली होतो. दोरी आखूड धरली की डोक्याची हालचाल दिसत नाही. म्हणून दोरी सैल सोडण्याचा आग्रह धरावा. पाय मिनिटभर दुमडून धरून लगेच पळविल्यास सांध्यातील लपलेली वेदना उघड होते. फिनाइलब्युटाझोनसारखे वेदनाशामक दिले असेल तर मात्र दुखरा घोडाही काही दिवस नीट चालतो. संशय असल्यास रक्ताचा नमुना घेऊन त्यात औषधाचा अंश आहे का हे प्रयोगशाळेकडून पाहता येते.

वयाबद्दल बाजारात सर्वांत अधिक खोटे बोलले जाते. दुधाचे पुढचे दात साधारण अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने बदलतात आणि पाचव्या वर्षी तोंड पुरे होते. खालच्या दातांवरील खळगे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान क्रमाने भरत जातात. वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी एक खाच दिसू लागते व विसाव्या वर्षापर्यंत ती दाताच्या टोकाला पोहोचते. दात कोरून खळगे बनविण्याची लबाडी जुनी आहे. चाऱ्यानुसार झीजही कमीअधिक होते. त्यामुळे दहा वर्षांपुढे दातांवरून केवळ अंदाजच सांगता येतो.

ग्लँडर्सची चाचणी मात्र कोणत्याही कारणाने टाळू नये. नाकातून चिकट स्राव, नाकपुडीत व्रण आणि कातडीवर फुटणाऱ्या गाठी ही लक्षणे असली, तरी वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या घोड्यातही रोग असू शकतो. हा रोग माणसालाही होतो व उपचार न झाल्यास प्राणघातक ठरतो. त्यावर लस नाही. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगास प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ च्या अनुसूचीत तो समाविष्ट असून, संशय येताच कळविणे मालकावर बंधनकारक आहे. रक्तजलाची तपासणी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. नमुना पशुवैद्यकीय यंत्रणेमार्फत पाठविता येतो. अहवालास वेळ लागतो, तो येईपर्यंत उरलेली रक्कम देऊ नये. त्याच रक्तातून सर्रा रोगाचेही निदान करून घ्यावे. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये या रोगाचे परजीवी घोडे व उंटांच्या रक्तात प्रथम पाहिले. चावणाऱ्या माश्यांमुळे तो पसरतो, ताप येऊन जातो व घोडा खंगत जातो.

दाखल्यात घोड्याचे वर्णन नेमके असावे: रंग, कपाळावरील पांढरा ठिपका वा पट्टा, पायांवरील पांढरेपणा, डागाच्या खुणा, मायक्रोचिप असल्यास तिचा क्रमांक आणि केसांचे भोवरे. ज्या भोवऱ्यांवरून बाजारात शुभाशुभ ठरते व किंमत कमीजास्त होते, तेच भोवरे पशुवैद्याच्या दृष्टीने ओळखीचे पक्के साधन होत, कारण ते जन्मभर बदलत नाहीत. तपासलेला घोडा एक व घरी आलेला दुसरा, असा प्रकार या नोंदीमुळे उघडकीस येतो.

नवा घोडा आणल्यावर त्यास किमान तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळे बांधावे. पाण्याची बादली, खरारा व तोबराही वेगळा ठेवावा. धनुर्वाताची लस पूर्वी दिल्याचा लेखी पुरावा नसेल तर ती त्याच काळात टोचून घ्यावी.