चोक ओढला, तरी गाडी का अडते?

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला राजघराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक मोटारीतून दसरा चौकात येतात. सोनं लुटायला जमलेल्या गर्दीचे डोळे त्या गाडीवर खिळतात, पण तिच्या नावामागचा माणूस फार थोड्यांना ठाऊक असतो. विल्हेल्म मेबॅक हे गोटलिब डाइमलर यांचे सहकारी. बारीक तोटीतून हवेच्या झोतात पेट्रोल फवारणारा कार्बुरेटर त्यांनी १८९३च्या सुमारास घडवला. त्यांचे चिरंजीव कार्ल यांच्या कंपनीने पुढे मेबॅक मोटारी बनवल्या. थंडीच्या पहाटे जुनी गाडी अडून बसते, त्या कोड्याची सुरुवात याच फवाऱ्यापाशी होते.

पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, जळते ती त्याची वाफ. ती हवेत ठरावीक प्रमाणात मिसळावी लागते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. गरम इंजिनात फवाऱ्याचे थेंब क्षणात उडून जातात. गार इंजिनात मात्र ते नळीच्या भिंतींना चिकटतात आणि सिलिंडरपर्यंत फारच थोडी वाफ पोहोचते. त्यात वाफ होताना पेट्रोल भोवतालची उष्णता शोषून घेतं, त्यामुळे कार्बुरेटरचं तोंड आणखी गार पडतं. यावरचा जुना उपाय म्हणजे चोक. चोक ओढला की हवेची वाट आवळली जाते, आतली ओढ वाढते आणि जेटमधून, म्हणजे त्या बारीक तोटीतून, जास्त पेट्रोल येतं. त्यातला थोडाच भाग वाफ झाला, तरी पेट घेण्यापुरता तो पुरतो.

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये हे काम अधिक नाजूक होतं. १९४५ ते १९४९ या काळातली एमजी टीसी ही उघडी, दोन आसनी गाडी घ्या. तिच्या १,२५० सीसी इंजिनावर एसयू जातीचे दोन कार्बुरेटर आहेत. त्यांत हवा अडवणारी झडप नाही. डॅशबोर्डवरचा खटका ओढला की दोन्ही जेट खाली सरकतात, निमुळत्या सुईभोवतीची फट रुंदावते आणि पेट्रोल वाढतं. दोन जेट सारखे सरकले नाहीत, तर दोन सिलिंडर तहानलेले राहतात आणि उरलेल्या दोघांचे प्लग पेट्रोलने भिजतात. चालक सेल्फ मारत राहतो, बॅटरी उतरते, गाडी मात्र जागची हलत नाही.

पेट्रोलच्या बरोबरीने ऑईल आणि करंट हे दोघेही थंडीत अडचणीत येतात. जुन्या इंजिनांत बहुधा जाड ऑईल घालतात. चाळीस अंशांवर सहज वाहणारं एसएई ४० ऑईल पंधरा अंशांवर कितीतरी घट्ट होतं, गुऱ्हाळातली काकवी गार झाल्यावर व्हावी तसं. ते ढवळत क्रँक फिरवायला सेल्फ मोटरला जास्त करंट लागतो. नेमक्या त्याच वेळी गारठ्यामुळे बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावलेली असते. पूर्ण चार्ज असलेली बारा व्होल्टची बॅटरी एरवी १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फचा ताण पडला की हा आकडा ९ पर्यंत खाली येऊ शकतो. ठिणगी पाडण्याच्या जुन्या पॉइंट-कंडेन्सर पद्धतीत कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज १२.६ वरून ९ वर आलं की ठिणगीची ऊर्जा जवळपास निम्मी होते. म्हणजे जिथे कणखर ठिणगी हवी, तिथेच ती दुबळी पडते.

आता कोल्हापूरची थंडी किती असते? जानेवारीच्या पहाटे पारा बहुतेक वेळा १४-१५ अंशांवर असतो, कडाका पडला तर आणखी थोडा खाली. युरोपात याच गाड्या शून्याखालच्या तापमानात सुरू होत आल्या आहेत. तेव्हा आपल्याकडे चौदा अंशांवर गाडी अडली, तर खापर थंडीवर फोडून चालणार नाही. दोष आधीच गाडीत असतो, थंडी तो उघडा पाडते. उन्हाळ्यात अर्धमेली बॅटरी, झिजलेले पॉइंट, सैल टर्मिनल असं सगळं खपून जातं. पंचगंगेकाठच्या धुक्यात तेच अंगावर येतं. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला बारीक तडा असेल, तर त्यावर दव बसतं आणि प्लगकडे निघालेला हजारो व्होल्टचा प्रवाह वाटेतच गळतो.

शिळ्या पेट्रोलची गोष्टही हीच. पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक तीसेक अंशांना उकळू लागतात, तर जड घटकांना दोनशेच्या आसपास तापमान लागतं. गार इंजिन पेटतं ते हलक्या घटकांवर, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की आधी उडून जातात तेही हेच.

यात आता आपल्या उसानेही भाग घेतला आहे. ज्या थंडीत ही गाडी अडते, त्याच थंडीत जिल्ह्यात गाळप जोरात असतं. उसापासूनही बनणारं इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं. त्याची वाफ करायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. शिवाय इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून येणारं मिश्रण पातळ पडतं. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगवतं. शेतकऱ्याला मोल देणारं हे इंधन वाईट म्हणायचं कारण नाही. पण ऐंशी वर्षांपूर्वी आखलेल्या कार्बुरेटरला त्याची ओळख करून द्यावी लागते. जेट किंचित मोठा करावा, एसयूची नट थोडी खाली घ्यावी, नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात.

कार्बुरेटर काढून टाकून संगणकाचं इंजेक्शन बसवण्याची वाट सोपी वाटते. मात्र २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. आणि कार्बुरेटर गेला, तर जपायचं ते काय उरलं? आजच्या गाडीत तापमान मोजून पेट्रोल ठरवण्याचं काम सेन्सर करतात. जुन्या गाडीत ते चालकाचा कान आणि हात करतात. इंजिनाने पहिली उचकी दिली की चोक किती आत सारायचा, हे आवाजावरूनच कळतं. उशीर झाला तर प्लग ओले होतात, घाई झाली तर इंजिन बंद पडतं.

हे ज्ञान आज कोल्हापुरात आहे. ओतकाम आणि ऑईल इंजिनांवर वाढलेल्या या शहरात झिजलेला भाग नव्याने ओतून, लेथवर घासून देणारे हात अजून सापडतात. पण त्यातलं बरंचसं ज्ञान कागदावर उतरलेलं नाही. कोणत्या गाडीला कोणत्या नंबरचा जेट बसला, पॉइंटची फट किती ठेवली, नव्या पेट्रोलवर टायमिंग किती सरकवलं, हे मिस्त्रींच्या डोक्यात असतं आणि त्यांच्याबरोबरच जातं. ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, त्यांनी मिस्त्रींसोबत बसून हे आकडे वहीत उतरवावेत. आयटीआयमधल्या मुलांना गार इंजिन समोर ठेवून ते शिकवावेत. आणि गाडी झाकून ठेवण्याऐवजी जानेवारीच्या पहाटेच बाहेर काढावी. त्या गारठ्यात जे इंजिन पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पेट घेतं, त्याचं पेट्रोल, ऑईल आणि करंट हे तिन्ही जागेवर आहेत, याची याहून स्वस्त आणि खरी तपासणी नाही.