विश्लेषण : ३ ऐवजी २ बंदुका, हे यश की माघार?

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. १९८३ पासून एका परवानाधारकाला ३ बंदुका ठेवता येत होत्या. विधेयकात ही मर्यादा थेट १ वर आणली होती. नेमबाज, माजी संस्थानिक आणि ‘नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया’सारख्या संघटनांचा विरोध झाला आणि अखेर मर्यादा २ वर थांबली.

बंदूकसमर्थकांत मतभेद आहेत ते इथेच. काहींच्या मते संघटनांनी एक बंदूक वाचवली, शिवाय परवान्याची मुदतही ३ वरून ५ वर्षे झाली. इतरांचा सवाल असा, की तिसरी बंदूक वर्षभरात जमा करावीच लागली, मग जिंकले काय?

गडचांदूरच्या शेतकऱ्याला यातून काय मिळाले?

फारसे काही नाही. कोरपना, जिवतीच्या शिवारात प्रश्न तिसऱ्या बंदुकीचा नाही, पहिलीचाच आहे. रानडुकरांचा कळप रात्रीतून उभे पीक उकरून टाकतो. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कलम १३ मध्ये आजही आहे, आणि तिथे शब्द ‘देता येईल’ असा नसून ‘द्यावा’ असा आहे! पण कलम १४ नुसार सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेच्या कारणावरून अर्ज नाकारता येतो, आणि नक्षलग्रस्त पट्ट्यालगत हे कारण शोधावे लागत नाही. दिल्लीतला जोर संख्येवर खर्ची पडला, या कलमावर नाही, ही तक्रार म्हणूनच रास्त वाटते.

परवाना मिळाला तरी डुकरावर गोळी झाडायला वन विभागाची वेगळी परवानगी लागते.